हलकंफुलकं, कादंबरी, चिकित्सा: रंजक वाचनाने विचार बोथटतो का?

प्रश्न: 'हलकंफुलकं वाचून चिकित्सक वृत्ती बोथट होते.' या वाक्यात 'टीकात्मक वृत्ती' चाललं असतं का? आणि 'हलकंफुलकं' म्हणजे दर्जा कमी असं समजायचं का?

– 'टीकात्मक' नको. टीका म्हणजे मुळात विवरण. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, ती याच अर्थाने. आज मात्र टीका म्हटलं की नावं ठेवणंच आठवतं. 'चिकित्सा' पारखून घेण्याकडे नेते. 'फार चिकित्सा करू नकोस' यात किरकिरेपणाची छटा आहे खरी, पण 'वृत्ती' जोडल्यावर ती मागे पडते.
'हलकं' आणि 'हलकंफुलकं' यांत मात्र गल्लत नको. हलकं कापड, हलक्या कानाचा: इथे कमीपणा आहे. 'फुलकं' आलं की तो जातो. लेखकाला दोषच दाखवायचा असेल तर त्याने सरळ 'उथळ' लिहावं.

– हा आरोप 'कादंबरी' या शब्दातच दडलाय. संस्कृतात कादंबरी हे मद्याचंही नाव, आणि बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेच्या नायिकेचंही. बाणाचा अपुरा ग्रंथ त्याच्या मुलाने पुरा केला, तेव्हा त्याने यावर श्लेष साधला: कादंबरीच्या रसाने सगळे असे मत्त झालेत की कुणाला कसलं भान नाही. मराठीत आधी 'नावल'ही चालायचं, का. बा. मराठ्यांच्या १८७२च्या निबंधाच्या नावात तेच आहे. हिंदीने 'उपन्यास' घेतला, गुजरातीने 'नवलकथा'. मराठी आणि कन्नडने 'कादंबरी'.
पण नावावरून वाचनाचा परिणाम ठरत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या साप्ताहिकाचं नाव 'करमणूक', १८९०चं. त्यातच 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः आली आणि विधवेचं केशवपन घरोघरी वाचलं गेलं.

– रहस्यकथेपुरतं बोलतो, कारण तिथे हे तपासता येतं. ही तीन वाक्यं पाहा:
'खोलीला आतून कडी होती.'
'खोलीला आतून कडी होती, असं नोकराने सांगितलं.'
'खोलीला आतून कडी होती म्हणे.'
पहिल्यात निवेदकाची हमी आहे. दुसऱ्यात नोकर खोटं बोलू शकतो. तिसऱ्यात कोण म्हणालं तेच कळत नाही. हा 'म्हणे' ज्याला टोचतो तो वाचक चिकित्साच करतोय, पुस्तक कितीही हलकंफुलकं असो.
करून बघायचं तर १६० पानांच्या पुस्तकात १२०व्या पानावर थांबा. संशयिताचं नाव लिहा, त्याखाली तीन पुरावे, प्रत्येकापुढे पान क्रमांक आणि 'निवेदक', 'पात्र' किंवा 'म्हणे' यांपैकी एक. मग शेवट वाचा. अंदाज चुकला तर मागे जाऊन बघा. बहुतेक वेळा पात्राचं म्हणणं आपण निवेदकाचं समजून बसलेलो असतो. तशी चूक सापडणं हाच या खटाटोपाचा फायदा. मात्र गुन्हेगार १५०व्या पानावर पहिल्यांदाच अवतरला, तर तिथे वाचकाला विचार करायला जागाच ठेवलेली नाही. अशा पुस्तकाला मी 'उथळ' म्हणेन, आणि त्याच्यापुरतं मूळ वाक्य मान्य करेन.

– मग मूळ वाक्यात 'वाचून'च्या जागी 'नुसतं उरकून' घातलं तर?

– चालेल. बोथटपणा आणतं ते उरकणं, आणि ते जाडजूड वैचारिक ग्रंथाचंही होतं.