प्रतिसाद: मॅग्नेटला लोखंडच का चिकटतं?
वर लिहिलंय की इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती फिरतात म्हणून लोखंडाचं मॅग्नेट होतं, पण फिरतात तर ते तांब्यातपण, मग तांबं का नाही चिकटत? लोखंडात मुख्य वाटा स्पिनचा आहे, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनचा तो अंगभूत गुण ज्यामुळे तो स्वतःच छोट्या चुंबकासारखा वागतो. जोडीतले दोन इलेक्ट्रॉन उलट स्पिनचे असतात म्हणून एकमेकांना कॅन्सल करतात, लोखंडाच्या सुट्या अणूत मात्र ४ इलेक्ट्रॉन बिनजोडीचे उरतात. तरी तेवढ्याने भागत नाही, कारण मँगनीजच्या अणूत असे ५ आहेत आणि ते काही चिकटत नाही! शेजारच्या अणूंचे स्पिन एकाच दिशेला का राहतात हा खरा प्रश्न, आणि मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की ते चुंबकीय ओढीमुळे नाहीच, ती इतकी कमजोर असते की साधारण १ केल्विनच्या (म्हणजे सुमारे उणे २७२ अंश सेल्सिअसच्या) वर गेलं की उष्णतेने सगळं विस्कटेल, आणि लोखंडाचं चुंबकत्व तर ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने १९२८ मध्ये दाखवलं की हे पाउलीचा नियम (दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) आणि इलेक्ट्रॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण यांच्यातून येतं, त्यालाच एक्स्चेंज म्हणतात. आणि साधा खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही कारण आतल्या डोमेन्सच्या (म्हणजे आतले स्पिन एकाच दिशेला असलेल्या छोट्या छोट्या भागांच्या) दिशा वेगवेगळ्या असतात, सगळ्यांची बेरीज जवळपास शून्य.