सोपे शब्द काढू नका हो!

वर कुणीतरी म्हटलंय की इंग्रजी शब्दांच्या या यादीत फक्त अवघड शब्द ठेवा, रन, सेट वगैरे सगळ्यांनाच येतात. मला उलट वाटतं. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने इंग्रजी-इंग्रजी कोश काढला त्यात साधारण अडीच हजार शब्द होते, सगळे कठीणच, रोजचे शब्द कोशात यायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली.

पण खरी गंमत सोप्यातच आहे ना. अवघड शब्द घ्या, अबेट म्हणजे ओसरणं, वादळ असो की ताप, झालं, विषय संपला. आता रन घ्या, माणूस धावतो ते रन, नाक वाहतं तेही रन, धंदा चालवणं, निवडणुकीला उभं राहणं, धुताना कपड्याचा रंग जाणं, सगळीकडे रनच, आणि मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद! सॅन्क्शन तर कहरच, परवानगी पण तीच आणि निर्बंध पण तेच.

अजून एक, ए टू झेड क्रमात अफेक्ट (परिणाम करणं) आणि इफेक्ट (परिणाम) लांब लांब पडतात आणि लोक घोळ नेमका त्यांच्यातच घालतात, तर अशा जोड्यांपुढे ‘तो पण बघा’ एवढं तरी टाका.