मदत हवी आहे: रागाचा तक्ता भरूनही भडका उडतोच

खानापूरकर:
सीबीटीचा, म्हणजे विचार तपासून भावना आणि वागणं बदलायच्या उपचाराचा, तक्ता रोज भरतोय. प्रसंग, विचार, राग शंभरापैकी किती, पर्यायी विचार. तरी काही फरक नाही. काय चुकतंय? लवकर सांगा.

टिळकवाडी:
भरता कधी? राग कुणावर? विचाराच्या रकान्यात नेमकं काय लिहिता?

निपाणीकर:
तक्ते सोडा. उशी बडवा, मन मोकळं होतंय.

टिळकवाडी:
नका हो असं सांगू. ज्याच्यावर राग त्याला आठवत बडवलं की राग वाढतो. मानसशास्त्रज्ञ बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात नुसते शांत बसलेले लोक असं आठवत ठोसे मारणाऱ्यांपेक्षा कमी रागात होते.

निपाणीकर:
मग शेतात राबून राग उतरतो ते खोटं?

टिळकवाडी:
राबताना त्या माणसाला ठोसत नसता की.

चिकोडी:
धारवाडला डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत.

खानापूरकर:
कुठं जायचं ते विचारलंच नाही. राग पोरावर, अभ्यासाला बसत नाही. तक्ता रात्री कामावर गेल्यावर भरतो. विचार : "फार राग आला."

शहापूरची:
इथंच अडलंय बघा. "राग आला" ही भावना. विचार म्हणजे "हा मुद्दाम मला जुमानत नाही". तो सापडल्याशिवाय पर्याय कशाला शोधणार? आणि रात्रीपर्यंत तो विसरलेला असतो. अर्ध्या तासात मोबाइलवर दोन ओळी टिपा. जबडा आवळला, कान तापले की आकडा ४० समजा आणि तिथंच उठा. ८० ला काही सुचत नाही. "वीस मिनिटांनी येतो" सांगून जायचं आणि यायचंच, नाहीतर पोराला वाटतं बाप रुसला. बाहेर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मनातलं भांडण चालूच ठेवलं तर बाहेर जाऊन उपयोग नाही. शांत असताना तोच प्रसंग डोळ्यांसमोर आणून हे सगळं घोटायचं. राग आवरायची पद्धत बसवणारे मानसशास्त्रज्ञ नोवाको, त्यांच्या पद्धतीतली ही पायरी हमखास गाळली जाते.

टिळकवाडी:
पर्यायी विचार गुळमट नको, मनाला पटत नाही. "दिवसभर शाळा झाली, कंटाळलाय. त्यानं बसावं असं मला वाटतं, पण बसलाच पाहिजे असा कायदा नाही." एवढं पुरे.

निपाणीकर:
पोर मराठी शाळेत काय? कन्नडच्या पेपरचं ओझं असेल.

शहापूरची:
त्याला वेगळा धागा काढा. खानापूरकर, हात उचलता का? दारू? झोप किती?

खानापूरकर:
हात नाही, दारू नाही. रात्रपाळी, झोप पाच तास.

शहापूरची:
हे आधी सांगायचं की! अपुऱ्या झोपेत ४० चे ८० व्हायला वेळ लागत नाही. उठल्या उठल्या अभ्यास घेऊ नका. चहा, जेवण होऊ दे, मग तासाभरानं पुस्तक काढा. आठवडाभर असं करून आकडे इथं टाका.