तालमीच्या फुटबॉल संघाचा इतिहास: स्थापनेचं साल कोणतं धरायचं?

पेठकरी

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाची स्मरणिका काढायची आहे. घोडं अडलंय ते स्थापनेच्या सालावर. तालमीच्या दारावरच्या फरशीवर एक साल, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदणी दाखल्यावर दुसरं, आणि जुने खेळाडू सांगतात ते तिसरंच. कोणतं छापायचं? शिवाय 1990 च्या आधीचे निकाल कुठून काढायचे? जुने फोटो भरपूर आहेत, पण एकाच्याही मागे साल लिहिलेलं नाही.

डावा_हाफ

तिन्ही छापा, फक्त कोणतं कशाचं ते लिहा. फरशीवरचं साल बहुतेक वेळा आखाड्याचं असतं. तालीम आधी कुस्तीची, फुटबॉल मागनं आला, हे आपल्याकडच्या बऱ्याच संघांचं आहे. दाखल्यावरचं साल नोंदणीचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा 1950 चा आणि कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं 1 मार्च 1949 ला. त्यामुळे जुन्यातली जुनी तालीमसुद्धा या दाखल्यावर 1950 नंतरचीच दिसणार. दाखल्याचं साल स्थापनेचं म्हणून छापलं की संघ उगाच तरुण होतो.

संघाचं साल ठरवायला एकच कसोटी लावा: तालमीच्या नावाने पहिला स्पर्धेतला सामना कधी खेळला? पेठेतली पोरं मैदानावर चेंडू मारत होती, ती संघाची स्थापना नव्हे. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, इथला फुटबॉल चालवणारी संघटना) 1940 ची. त्याच्या मागचं साल सांगायचं असेल तर पुरावा केएसएच्या बाहेरचा लागेल: वर्तमानपत्र, ढाल, फोटो किंवा संस्थानी दप्तरातला कागद. संस्थानी कागद मोडीत निघाला तर वाचणारा जाणकार सोबत घ्या. अंदाजाने लावलेला मोडी आकडा पुढे पन्नास वर्षं फलकावर राहतो.

धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीतला) उतारा घ्याच, पण त्यापेक्षा कामाची चीज म्हणजे पहिल्या नोंदणी अर्जाची आणि सोबतच्या घटनेची नक्कल. घटनेतल्या उद्देशांच्या कलमात फुटबॉल आहे की नुसता 'व्यायाम' आहे ते बघा. नक्कल मागताना सोसायटीचा आणि विश्वस्त व्यवस्थेचा ('फ'ने सुरू होणारा) असे दोन्ही क्रमांक द्या, नाहीतर फाइल सापडत नाही म्हणून परत पाठवतात. नंतरच्या बदल अर्जांत त्या त्या वेळच्या कार्यकारिणीची नावं तारखेसकट मिळतात. स्मरणिकेतली 'आजवरचे अध्यक्ष' ही यादी तोंडी करू नका, तिथून उतरवा. भांडणं वाचतील.

कात्रणवाला

निकालांसाठी वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली. 'पुढारी'पासून सुरुवात करा, करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुठल्या सालाच्या फाइली बघायला मिळतात ते आधी विचारून मग जा. सरसकट पानं चाळत बसलात तर एका हंगामालाच आठवडा जाईल. आधी ढालीवरून किंवा जुन्या निमंत्रणपत्रिकेवरून अंतिम सामन्याची तारीख काढा, दुसऱ्या दिवसाचा अंक उघडा आणि तिथून मागे मागे या. उपांत्य, उपांत्यपूर्व सामने तीन-चार दिवसांच्या अंतराने सापडत जातात.

साल लिहिताना हमखास घोळ होतो तो असा. आपला हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो, म्हणजे एका हंगामात दोन सालं. कुणी 1978 म्हणतो, कुणी 1979, आणि तालमीच्या यादीत एकाच विजेतेपदाची दोन होतात. सगळीकडे 1978-79 असंच लिहा. पत्रिकेवर शके असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. शके 1900 चा मार्गशीर्ष 1978 मध्ये येतो, त्याच शकाचा माघ 1979 मध्ये. सरसकट 78 मिळवणारे नेमके अंतिम सामन्याच्या वेळी चुकतात.

आणखी एक. अर्धवट थांबलेल्या सामन्यांचा निकाल दुसऱ्या दिवसाच्या अंकात नसतो. गोंधळ झाला, सामना थांबला, एवढीच बातमी येते, निर्णय नंतर कधीतरी आतल्या पानावर चार ओळींत. अशा सामन्यासाठी पुढचे पंधरा दिवस चाळा. आणि गोल करणाऱ्याचं नुसतं आडनाव छापलेलं असेल तर पुढे नाव स्वतःच्या मनाने जोडू नका, एका संघात चार पाटील आणि तीन जाधव असतात.

राईट_आऊट

फोटोंचं साल खेळाच्या नियमांवरून बरंच आवळता येतं. रेफ्रीच्या हातात पिवळं किंवा लाल कार्ड असेल तर फोटो 1970 नंतरचा, कार्डं त्या वर्षीच्या वर्ल्डकपपासून आली. काळे पंचकोन आणि पांढरे षटकोन असलेला 32 तुकड्यांचा चेंडू त्याच वर्ल्डकपमुळे जगभर पसरला. नाडीचा, आत ब्लॅडर घालायचा चामडी चेंडू दिसला तर त्याच्या बराच आधीचा असण्याची शक्यता जास्त, पण सरावाला जुने चेंडू पुष्कळ वर्षं वापरत. अनवाणी पायांवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. हेलसिंकीच्या 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून 10-1 ने हरल्यावर देशपातळीवर बूट सक्तीचे झाले, पेठेच्या मैदानावर तो नियम दुसऱ्या दिवशी पोचला असं कोण म्हणेल?

ज्येष्ठांना फोटो दाखवताना 'साल कोणतं?' असं विचारूच नका. कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967) झाला तेव्हा हा संघ खेळत होता का, मॅराडोनाच्या 1986 च्या वर्ल्डकपआधीचा की नंतरचा, असं विचारा. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं साल ठरतं.

स्कॅन 600 डीपीआयवर टिफमध्ये, छोटे फोटो 1200 वर. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. नावं फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, पुढे वळ उमटतो.

पेठकरी

लई उपयोगी. एक शंका: एका हस्तलिखित वहीत 1960 च्या सुमाराचा अंतिम सामना 'टायब्रेकर 4-3' असा लिहिलाय. आणि लीगच्या जुन्या तक्त्यातले गुण जिंकलेल्या सामन्यांशी जुळत नाहीत.

डावा_हाफ

तक्त्याचं सोपं आहे. पूर्वी विजयाला 2 गुण असत, 3 नाहीत. फिफाने वर्ल्डकपला 3 गुण 1994 मध्ये लावले. विजय गुणिले 2 अधिक बरोबरी असं करून बघा, जुळेल. स्मरणिकेत तक्ता मूळ गुणांसह छापा, आजच्या हिशेबाने बदलू नका, क्रम उलटापालटा होऊ शकतो.

वहीतली नोंद मात्र संशयास्पद. टायब्रेकर म्हणजे पेनल्टी शूटआऊट, आणि ते नियमात आलं 1970 मध्ये. त्याआधी बरोबरी सुटली नाही तर बहुधा सामना पुन्हा खेळवत, नाहीतर चिठ्ठी किंवा नाणेफेक. काही स्पर्धांनी स्वतःच्या नियमाने पेनल्ट्या आधीही घेतल्या, म्हणून नोंद खोटीच असं नाही, पण वही नंतर कुणीतरी आठवणीने लिहिली असण्याचा संभव मोठा. शाई आणि अक्षर बघा, दहा वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर ती वही पुरावा म्हणून धरू नका.

कात्रणवाला

त्याच सामन्याची ढाल कुठे आहे? फिरती ढाल असेल तर ज्यांनी शेवटची जिंकली त्यांच्याकडे किंवा आयोजकांकडे असेल. चांदीच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर ब्रासो लावून घासू नका, उथळ कोरीव अक्षर झिजतं. खोलीत अंधार करून टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि समोरून फोटो काढा, अक्षरं सावलीने उठतात. पट्टीवर साल आणि संघ सापडला की त्याच हंगामाची फाइल उघडा. गुणफलक तिथल्या बातमीतलाच घ्या, वहीतला नको.