मदत हवी आहे: वीज गेल्यावर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर जास्त वेळ कसा चालवावा?

सासूबाईंना दिवसरात्र मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लागतो. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) ३५० वॉटचा. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), म्हणजे कागदावर पाच तास. मागच्या वेळी अडीच तासांतच इन्व्हर्टर बंद पडला, फार घाबरलो. बॅटरी वर्षभराचीच, पाणी पुरेसं, दुसरा लोड नव्हता. इन्व्हर्टर साइनवेव्हचाच (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) आहे. १५०० लिटरचा सिलिंडर साधारण बारा तास पुरतो, पण लिफ्ट बंद असताना सहाव्या मजल्यावर दुसरा चढवायला माणूस मिळत नाही. मोबाइल टॉवरची बॅटरी संपली की फोनही लागत नाही. जनरेटरला जागा नाही. प्रवाह कमी करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

या जुन्या बॅटरीला नवी समांतर जोडली तर वेळ खरंच वाढेल, की २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि दोन्ही नव्या बॅटऱ्याच घ्याव्या लागतील?