मदत हवी आहे: कोलायटिस असताना किमची खावी का?

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं आम्ही दक्षिण कोरियात सुवॉनला राहतोय. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार) आहे. त्यावरचं मेसालामाइन हे दाह कमी करणारं औषध चालू आहे आणि आठ महिने आजार शांत आहे.

नोव्हेंबरअखेरीस इथे गिमजांग असतं, म्हणजे हिवाळ्याची बेगमी म्हणून घरोघरी किमची (मीठ, तिखट, लसूण लावून आंबवलेली कोबीसारखी भाजी) घालतात. खालच्या मजल्यावरच्या आजी मोठा डबा भरून देऊन गेल्या, वर "पोटाला फार चांगली" असंही. चार दिवस जेवताना दोन-दोन चमचे खाल्ली आणि पाचव्या दिवशी पोटात कळा सुरू. रक्त पडलं नाही, पण धास्ती बसली. आता हे आंबवल्यामुळे, तिखटामुळे की लसणामुळे, कसं ओळखायचं? (त्यात जॉतगल, म्हणजे मिठात मुरवलेली मासळी, असते हे नंतर कळलं. आम्ही शाकाहारी. असो.)

डॉक्टर म्हणाले, "तिखट-खारट कमी करा, बाकी सोसेल ते खा." सोसेल ते म्हणजे काय, तिथेच तर गाडी अडलीय. 2021 चा स्टॅनफर्डचा अभ्यास सगळे पुढे करतात. 36 जणांपैकी अर्ध्यांना 10 आठवडे दही, केफिर (आंबवलेलं पातळ दूध), किमची, कोंबुचा (आंबवलेला चहा) असं आंबवलेलं भरपूर खायला दिलं. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली दाहाशी संबंधित 19 प्रथिनं उतरली. छानच, पण ती माणसं निरोगी होती! कोलायटिसवरचं जे वाचायला मिळालं ते बहुतेक उंदरांवरचं.

कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या दाहाचाच दुसरा आजार) असलेल्यांनी स्वतःचा अनुभव सांगाल का?

बेक-किमची पांढरी असते, तिच्यात तिखट नसतं. ती कुणाला सोसली का? इथल्या बौद्ध मठांतल्या किमचीत मासळी नसतेच, लसूण-कांदाही नसतो. मला ती जास्त बरी वाटतेय, पण मीठ आलंच.

दुसरं द्वेनजांग. सोयाबीन शिजवून, ठेचून त्याच्या विटा करतात, त्या वाळवून-आंबवून कित्येक महिने मिठाच्या पाण्यात मुरवतात. त्याची आमटी मला आवडते आणि आजवर त्रास झालेला नाही. उकळल्यावर लॅक्टिक आम्लाचे जिवाणू मरतात, सोयाबीन आंबवणाऱ्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू मात्र तगतात असं वाचलंय. मग अशा आमटीचा आतड्याला काही उपयोग होतो का, की नुसती चव? च्यॉन्गुकजांगही दोन-तीन दिवसांत आंबवलेलं सोयाबीनच, पण त्याच्या वासाने नवरा घर सोडून जाईल.

आणि ताक मला व्यवस्थित पचतं. त्यावरून किमचीचा काही अंदाज बांधता येतो का?

औषध बंद करायचं नाहीये, तो सल्ला कृपया नको.

जाता जाता: आजींचा डबा रिकामा परत करायला हात धजत नाही. बेसनाचे लाडू चालतील का त्यांना?