आजीचे चांदीचे रुपये, सराफ मोडीत मागतोय, देऊ का?

शेळगीकर:
नमस्कार मंडळी. आजीच्या पेटीत चांदीच्या रुपयांची माळ निघाली, राणीछाप राजाछाप मिक्स, सगळ्यांना कडी झाळलेली, आणि फडक्यात बांधलेले सुटे रुपये पण आहेत, १९११, १९१८, १९४४ असं काय काय. ओळखीचा सराफ म्हणतोय सगळं एकत्र वजन करू, घट कापून पैसे देतो. यूट्यूबवर तर एकेकाला लाख मिळतेत म्हणतेत. आईनं पितांबरी लावून घासायला काढलेत. खरं काय ओ?

जुनीनाणी_सोलापूर:
आधी आईंच्या हातातनं पितांबरी काढून घ्या! माझा धंदाच नाण्याचा आणि जुन्या दागिन्यांचा, घासलेला रुपया उजेडात तिरका धरला की बारीक ओरखडे लगेच दिसतेत, मग संग्राहक हात लावत नाही.
माळेतल्या रुपयांना कडी झाळलीय म्हणजे नाणं म्हणून किंमत गेली, चांदीचाच भाव येणार, त्यापेक्षा घरात कुणीतरी घाला की. सुटे मात्र एकत्र तोलू देऊ नका. राणीचा असो की पंचम जॉर्जचा, रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. १९४० पासनं चांदी ५० टक्क्यावर आणली, वजन तेच ठेवलं. आता तुमच्या १९४४ वाल्याचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, सगळ्यांना लावला तर बसला का फटका?
१९१८ चे कोट्यवधी पाडलेत, त्यात चांदीपेक्षा फार काय मिळत नाही. १९११ चा भिंगातनं बघा. राजाच्या झग्यावर हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की लोकांना डुक्कर वाटलं, बोंबाबोंब झाली, १९१२ ला हत्ती सुधारून घेतला. म्हणून तो एकाच सालाचा छाप. चांदीपेक्षा चांगला जास्त जातो, लाखबिख काय नाही. मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली उठावाचा टिंब असला तर मुंबई टांकसाळ, नसला तर कलकत्ता.

पाच्छा_पेठ:
मालक माझ्याकडं वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आहे, एकजण फोनवर दहा लाख देतो म्हणतोय फक्त आधी जीएसटी भरा म्हणे 😀

जुनीनाणी_सोलापूर:
ब्लॉक करा बे त्याला. घेणारा कधी आधी पैसे मागतो का? रिझर्व्ह बँकेनं २०२१ लाच जाहीर केलंय, असल्या व्यवहारात आम्ही नाही आणि आमच्या नावानं फी घ्यायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही.

शेळगीकर:
टिंब नाही, म्हणजे कलकत्ता. आणि खरंच डुक्करच दिसतंय ओ! सुटे ठेवतो मग. प्लास्टिकच्या पिशवीत चालतील का?

जुनीनाणी_सोलापूर:
मऊ पीव्हीसीची पिशवी नको, काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. साधं कागदी पाकीट घ्या, एकात एकच रुपया, आणि धरताना कडेनं धरा.